जुन्या जीपचे इंजिन बांधल्यानंतर: फ्लायव्हीलपासून मागच्या एक्सलपर्यंत

जुन्या गाडीचे इंजिन बांधून झाले की आता ते उचलून जागेवर ठेवायचे आणि बोल्ट आवळायचे एवढेच काम उरले, असे पाहणाऱ्याला वाटते. वर्कशॉप मॅन्युअलेही या समजुतीला हातभार लावतात, कारण उघडण्याची कृती पानभर सांगून झाल्यावर ‘जोडणी उलट क्रमाने करावी’ एवढ्या एका ओळीत ती विषय संपवतात. आमच्या महिंद्र सीजे-३बी जीपचे इंजिन नव्याने बांधल्यावर क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आणि प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद एक्सलपर्यंत नेणारे दांडे) परत बसवण्याचे काम मी नागपुरात घरच्या शेडमध्ये केले, तेव्हा त्या एका ओळीत किती काम दडलेले असते ते मला नीट कळले. उघडताना भाग मोकळे होतात आणि तिथेच तो विषय संपतो. जोडताना प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी एका रेषेत आहे की नाही हे मोजून पाहावे लागते आणि इंजिनवर केलेला खर्च टिकणार की वाया जाणार, हे बऱ्याच अंशी त्या मोजमापावर ठरते.

महिंद्रने विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४७ साली सुरू केली आणि विलीजने सीजे-३बी हे मॉडेल १९५३ साली आणले. तिचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे, कारण तिच्यातल्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. चार सिलिंडरचे, १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे हे पेट्रोल इंजिन आहे. पेट्रोल परवडत नाही म्हणून आमच्या भागातल्या अनेक जीपांमध्ये लोकांनी डिझेल इंजिने बसवून घेतली. आमची जीप काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत फार थोडी चालली, म्हणून तिचे मूळ इंजिन शाबूत राहिले. क्रँकचे ग्राइंडिंग आणि ब्लॉकचे बोरिंग हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये उत्तम झाले. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

इंजिन स्टँडवर असतानाच मागची बाजू पुन्हा एकदा तपासून घेतली, कारण गिअरबॉक्स चढल्यावर तिथे हात पोहोचत नाही. मागच्या मेन बेअरिंगची कॅप आणि ब्लॉक यांच्या मधल्या भोकांत रबराच्या दोन पॅकिंग असतात. त्या कॅपच्या खाली साधारण पाव इंच बाहेर राहिल्या पाहिजेत, म्हणजे संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) आवळल्यावर त्या दाबल्या जाऊन तेलाची वाट बंद होते. अनेक जण त्या सपाट कापून टाकतात आणि काही महिन्यांनी क्लच तेलात भिजू लागला की नव्या सीलला दोष देतात. त्यानंतर क्रँकचा मागे-पुढे होणारा खेळ डायल गेजने, म्हणजे काट्याच्या मापकाने, मोजला. या इंजिनाला तो चार ते सहा थाऊ, म्हणजे इंचाचे चार ते सहा हजारांश, असावा लागतो. क्लच दाबताना पायाचा सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो, म्हणून हे माप क्लचच्या कामाचाच भाग आहे असे मी मानतो. आमचे माप पाच थाऊ भरले.

क्रँकच्या मागच्या टोकातला पायलट बुश हा अगदी लहानसा भाग आहे. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक त्यात टेकते आणि क्लच दाबलेला असताना शाफ्ट स्थिर राहून क्रँक फिरत असतो, म्हणजे हा बुश त्याच वेळी काम करतो. जुना बुश काढण्यासाठी आमच्या मिस्त्रींनी त्याच्या भोकात ग्रीस ठासून भरले, भोकात नेमका बसेल असा लोखंडी दांडा त्यावर ठेवला आणि हातोडीने बेताचे ठोके दिले. ग्रीसला जायला दुसरी जागा नसल्यामुळे ते बुशच्या मागे जाऊन त्याला बाहेर लोटते. दर काही ठोक्यांनी दांडा काढायचा, आणखी ग्रीस भरायचे आणि पुन्हा ठोकायचे, असे करता करता बुश कडेपर्यंत आला आणि मग बोटांनी निघाला. छिन्नीने फोडून काढण्याची पद्धतही सर्रास दिसते, पण त्यात क्रँकच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि नवा बुश तिरका बसतो. नवा कांस्य बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवला होता. सकाळी तो बसवल्यावर सुटा इनपुट शाफ्ट त्यात घालून हाताने फिरवून पाहिला.

फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकावरचे जड चाक, बसवण्याआधी इंजिनाची मागची प्लेट बसवायची असते, कारण नंतर ती जात नाही. या इंजिनात फ्लायव्हील क्रँकच्या फ्लँजला चार साध्या बोल्टांनी आणि दोन निमुळत्या डॉवेल बोल्टांनी (भाग नेमक्या जागी धरणाऱ्या बोल्टांनी) धरलेले असते. क्रँक किंवा फ्लायव्हील यांपैकी एक जरी बदलले, तरी निमुळती भोके एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती रीमरने मोठी करून सरळ बोल्ट घालावे लागतात. आमचे दोन्ही भाग मूळचेच होते आणि उघडताना दोन्हींवर पंचाने खूण केलेली होती, त्यामुळे ते जसेच्या तसे जुळले. तरीही फ्लँजचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने स्वच्छ करून, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळून, फ्लायव्हीलच्या तोंडावर डायल गेज लावून एक पूर्ण फेरा घेतला. फ्लँजवर चिकटलेला गंजाचा एखादा कण फ्लायव्हीलच्या कडेपर्यंत जाताना कितीतरी पटींनी मोठा होऊन दिसतो आणि नंतर क्लच सोडताना गाडी थरथरते, ते पुष्कळदा त्या कणामुळेच.

यानंतरचे बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या, क्लचला झाकणाऱ्या कवचाचे काम मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटले आणि आपल्याकडे तेच सर्वांत कमी केले जाते. हाउसिंगच्या मागच्या तोंडावर गिअरबॉक्स बसतो आणि मधल्या गोल भोकामुळे त्याचा मध्य ठरतो. हे भोक क्रँकच्या मध्याशी जुळत नसेल, तर इनपुट शाफ्ट एका बाजूला ओढला जातो, पायलट बुश अंडाकृती झिजतो, क्लच प्लेटचा हब सैल होतो आणि गाडी चढावर टॉप गिअरमधून आपोआप न्यूट्रलमध्ये निसटू लागते. अशा गाडीचा गिअरबॉक्स लोक वारंवार उघडतात आणि दोष त्यात नसल्यामुळे तो कधीच सापडत नाही. तपासण्यासाठी डायल गेजचा दांडा फ्लायव्हीलला पक्का करून, गेजचे टोक हाउसिंगच्या भोकाला आतून टेकवून क्रँक सावकाश फिरवायचा आणि नंतर तेच मागच्या तोंडावर करायचे. दोन्हींसाठी कमाल मर्यादा पाच थाऊ आहे.

आमच्या भोकाचा काटा अकरा थाऊ फिरला. माझा पुतण्या, जो पॉलिटेक्निकला आहे, म्हणाला, “काका, गेजच हलत असेल.” गेज पुन्हा पक्का करून घेतला तरी आकडा तोच आला. मिस्त्रींनी आधी सगळे बोल्ट काढून ओळीने कपड्यावर मांडले, तेव्हा कारण दिसले. हाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या डॉवेल बोल्टांपैकी एकाच्या ठिकाणी पूर्वी कोणीतरी साधा बोल्ट घातला होता आणि तो भोकात सैल असल्यामुळे हाउसिंग आपल्या वजनाने एका बाजूला उतरले होते. शिवाय त्याच्या पुढच्या तोंडावर रंगाचे थर चढले होते. डॉवेल बोल्ट जुन्या मापाने लेथवर करून घेतला, रंग खरवडून धातू उघडा केला आणि पुन्हा मोजले, तेव्हा भोकाचा काटा चार थाऊंवर आला. तोंडाचा काटा मात्र अजून सात थाऊ दाखवत होता. म्हणून खालच्या दोन बोल्टांपाशी पितळी पत्र्याची पातळ शिम (फट भरणारी चकती) घातली आणि तोही तीनवर आला. एवढ्यासाठी अर्धा दिवस घालवणे जास्त नाही का, असे मी विचारले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “मोजून घ्या जी आत्ताच. मंग गाडीखाली कोन झोपन?”

क्लच प्लेट बसवताना तिच्या हबची लांब बाजू गिअरबॉक्सकडे ठेवायची. सुटा इनपुट शाफ्ट प्लेटच्या खाचांतून पायलट बुशपर्यंत घालून मध्य साधला आणि तो तसाच ठेवून प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे, फिरवून फिरवून आवळले. एका बाजूचे बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरी बाजू घेतली, तर प्रेशर प्लेटचे आवरण वाकते आणि तिची तिन्ही बोटे (क्लच सोडवणाऱ्या पट्ट्या) एका पातळीत राहत नाहीत. खाचांना ग्रीस अगदी नखभर लावावे. जास्त लावलेले ग्रीस फिरण्याच्या जोराने उडून प्लेटच्या अस्तरावर जाते. पेडल दाबल्यावर या बोटांवर टेकणारे रिलीज बेअरिंग रॉकेलने धुऊ नये, कारण त्यात कारखान्यातच ग्रीस भरून ते बंद केलेले असते आणि धुतल्याने तेवढेच निघून जाते.

गिअरबॉक्स तीन गिअरचा आहे आणि ट्रान्सफर केस थेट त्याच्या पाठीला जोडलेला असतो. गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचे मागचे टोक ट्रान्सफर केसच्या आत जाते आणि तिथे एक गिअर, वॉशर व खाचांचा नट येतो, ज्यात स्प्लिट पिन असते. हा नट ढिला राहिला तर गिअर खाचांवर मागे-पुढे सरकून शाफ्टच निकामी करतो आणि बाहेरून फक्त अधूनमधून एक टकटक ऐकू येते. मागचे झाकण काढून तो नट आवळला, नवी पिन घातली आणि पिनचे पाय नीट वळवले. आतले बेअरिंग आणि गिअर चांगले असल्यामुळे बाकी काही उघडले नाही. जे व्यवस्थित चालले आहे ते केवळ हाताशी आहे म्हणून उघडू नये, असे माझे मत आहे.

ऑइल सील मात्र सगळे बदलले. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे रबर भाजून कडक होते आणि नखाने दाबले तरी दबत नाही. मागच्या योकवर (ट्रान्सफर केसला प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात त्या दुबेळक्याच्या भागावर) जुन्या सीलच्या ओठाने एक बारीक खाच पाडली होती. बोट फिरवले तर ती जाणवत नव्हती, पण नखाचे टोक तिच्यात अडकत होते. योक नवा मिळत नव्हता, म्हणून नवा सील जुन्यापेक्षा किंचित आत बसवला. त्यामुळे त्याचा ओठ खाचेवर न येता शेजारच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आला. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असलेल्या ड्रमवर लागतो, त्यामुळे हा एक सील गळला की तेलाच्या डागाबरोबर हँडब्रेकही जातो. ट्रान्सफर केसचा श्वासमार्ग मातीने बंद झाला होता, तो तारेने मोकळा केला. तो बंद असेल तर गरम झाल्यावर आतला दाब वाढतो आणि नवे सीलसुद्धा गळतात.

बेल हाउसिंग लावलेले इंजिन आधी जागेवर उतरवले. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांची जोडी दोन माणसांना उचलता येते, पण नेमक्या कोनात धरून ठेवता येत नाही. जीपच्या जमिनीचा मधला पत्रा स्क्रू काढून उचलता येत असल्यामुळे शेडच्या कैचीला चेन पुली लावून साखळी वरून आत सोडली आणि खालून ट्रॉली जॅकचा आधार दिला. हाउसिंगच्या दोन भोकांत डोके कापलेले लांब बोल्ट मार्गदर्शक म्हणून लावले होते. गिअरबॉक्सचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचे नाही, कारण त्याने क्लच प्लेटचा हब वाकतो आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही. खाचा जुळेनात तेव्हा टॉप गिअर टाकून मागचा योक बोटभर फिरवला आणि गिअरबॉक्स आपसूक सरकून तोंडाला तोंड टेकले. शेवटची फट उरली तर ती बोल्ट आवळून मिटवण्याचा मोह होतो, पण तसे केल्याने गिअरबॉक्सचा कान तुटतो. जिथे अडते तिथे जोर न लावता मागे घेऊन पुन्हा पाहावे. मिस्त्रींच्या “कायले घाई करता जी?” या एका प्रश्नाने आमच्या शेडमध्ये बरेच काही वाचवले.

मागचे माउंटिंग नवे घातल्यावर इंजिनाची स्टे केबल जोडली. ही केबल चेसिसच्या आडव्या पट्टीपासून इंजिनाच्या मागच्या बाजूपर्यंत जाते आणि क्लच दाबताना रबरी माउंटिंगवर बसलेले इंजिन पुढे सरकू देत नाही. ती फक्त ताठ असावी, ताणलेली नसावी. बऱ्याच जीपांत ती केव्हाच काढून फेकलेली असते आणि मग क्लच सोडताना गाडी का धक्के देते, याचे कारण शोधत लोक नवीन क्लच प्लेटा घालत राहतात. पेडलचा मोकळा खेळ सुमारे एक इंच ठेवला.

प्रोपेलर शाफ्ट दोन आहेत, मागचा आखूड आणि पुढचा लांब. दोन्हींच्या सरकत्या जोडावर बाणाच्या खुणा असतात आणि त्या समोरासमोर आल्या पाहिजेत, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका पातळीत राहतात. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट (कोनात वळू देणारा सांधा) कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित वेगवान आणि दोनदा किंचित मंद होतो. दोन्ही योक एका पातळीत असतील तर एका टोकाची ही चढउतार दुसऱ्या टोकाला भरून निघते, नाहीतर ती दुप्पट होऊन सगळी गाडी गुरगुरू लागते. आमच्या मागच्या शाफ्टवर ग्रीस, माती आणि रंग यांचा इतका जाड लेप होता की बाण दिसतच नव्हता. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन पुतण्या बसला, तेव्हा नखाएवढा कोरलेला बाण उघडा झाला आणि त्याचा जोडीदार एक खाच पलीकडे सापडला. म्हणजे ही गाडी कितीतरी वर्षे एका खाचेने चुकलेल्या शाफ्टवर चालत होती. क्रॉसच्या वाट्या बसवताना आतली एखादी सुई (बेअरिंगचा बारीक रूळ) आडवी पडली नाही ना, हे प्रत्येक वाटीला पाहिले. वाटी शेवटपर्यंत जात नसेल तर बहुधा सुई आडवी झालेली असते आणि ठोकल्याने ती तुटते.

तेलाच्या बाबतीत घाट रोडवरच्या दुकानात बरीच चर्चा झाली. मागच्या एक्सलमधल्या हायपॉइड क्राउन-पिनियन गिअरांना अति दाब सहन करणारे ९० नंबरचे तेल लागते, पण गिअरबॉक्समध्ये गिअर आवाज न करता जुळवणाऱ्या कांस्याच्या सिंक्रोनायझर रिंगा आहेत आणि जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतली गंधकाची द्रव्ये पिवळ्या धातूला खातात. म्हणून गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये जीएल-४ दर्जाचे ९० नंबरचे तेल घातले. गिअरबॉक्सला सुमारे १.४ लिटर, ट्रान्सफर केसला सुमारे १.५ लिटर आणि मागच्या एक्सलला सुमारे १.२ लिटर तेल लागते.

इंजिन सुरू करून गरम झाल्यावर क्लच पूर्ण दाबला, थोडे थांबून रिव्हर्स गिअर टाकला आणि तो आवाज न करता पडला. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला सिंक्रो नसल्यामुळे क्लच जरा जरी ओढत असेल तरी तिथे लगेच करकर होते, म्हणून ही परीक्षा विश्वासार्ह आहे. हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे सिव्हिल लाइन्सकडे जाणे शक्य नव्हते. सेमिनरी हिल्सच्या चढावर टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. क्लच घसरला नाही आणि लिव्हरवर हात न ठेवताही गिअर निसटला नाही. मग काटोल रोडने गोरेवाड्यावरून फेटरीपर्यंत ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने गेलो आणि परतलो. मागून येणारी जुनी गुरगुर पूर्ण गेली होती. फोर-व्हील ड्राइव्ह मात्र डांबरी रस्त्यावर तपासला नाही. या जीपला मधले डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी योजना) नाही, त्यामुळे पकड असलेल्या रस्त्यावर पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात. ती तपासणी फेटरीजवळच्या कच्च्या वाटेवर केली.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर हाउसिंग, माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे सगळे बोल्ट पुन्हा पाहिले. प्रोपेलर शाफ्टच्या यू-बोल्टांपैकी दोन नट पाव फेरा आवळले गेले. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची पातळी एकाच वेळी तपासतो, कारण दोघांच्या मधल्या बेअरिंगमधून तेल एकाकडून दुसरीकडे जाण्याची खोड या जोडीला आहे. एकाची पातळी उतरली आणि दुसऱ्याची तेवढीच चढली, तर बाहेर एक थेंब न सांडताही गिअरबॉक्स कोरडा चालू शकतो. सध्या दोन्ही पातळ्या जागेवर आहेत आणि बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल आलेले नाही. पुढच्या शाफ्टच्या सरकत्या जोडात थोडा खेळ शिल्लक आहे. नवा योक मिळेपर्यंत तो ग्रीसवर चालवायचे ठरवले आहे.